एकोणीस युरोचं तिकीट आणि त्यावर चढत जाणारा खर्च: युरोपातल्या स्वस्त विमानांनी जायचं असेल तर

मिलान ते पॅरिस, १९.९९ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर दोन हजार रुपये. हा आकडा खोटा नसतो, या भावात खरोखर जाता येतं. फक्त त्या भावात काय येतं ते नीट पाहायला हवं: एक माणूस, कंपनी देईल ती सीट आणि समोरच्या सीटखाली सरकवता येईल एवढी एक पिशवी. बाकी सगळं सुटं विकलं जातं. रायनएअर, विझ एअर, ईझीजेट, वुएलिंग, ट्रान्साविया, वोलोतेआ, युरोविंग्ज या सगळ्यांचं गणित थोड्याफार फरकाने असंच चालतं.

या सुट्या गोष्टींच्या दराला एक ठरलेली चढण असते. तिकीट काढताना जी बॅग ३० युरोला मिळते, ती नंतर ॲपवरून घेतली तर महाग, विमानतळाच्या काउंटरवर त्याहून महाग आणि गेटवर सर्वांत महाग. चेक-इनचं आणि नावदुरुस्तीचंही तसंच. त्यामुळे पैसे वाचवायचे तर सगळे निर्णय घरी बसून, पहिल्याच दिवशी घ्यायचे. खाली तोच क्रम धरला आहे.

आधी विमानतळ कुठे आहे ते बघा

तिकिटावर 'पॅरिस' लिहिलं म्हणजे विमान पॅरिसला उतरेल असं नाही. पॅरिस-बोव्हे हा विमानतळ पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरवर. म्युनिकसाठी विकला जाणारा मेमिंगेन शहरापासून शंभरावर किलोमीटर दूर आहे, आणि स्टॉकहोमचा स्काव्स्टाही जवळपास तितकाच. बार्सिलोनाच्या नावाने जिरोना आणि रेउस, मिलानच्या नावाने बेर्गामो, ब्रुसेल्सच्या नावाने शार्लरुआ. मुंबईचं तिकीट काढून नाशिकला उतरण्यासारखंच हे.

सगळेच दूरचे विमानतळ वाईट नसतात. रोमचा चाम्पिनो शहराला फ्युमिचिनो या मुख्य विमानतळापेक्षा जवळ आहे. बेर्गामोहून मिलानच्या मध्यवर्ती स्टेशनला तासाभरात नेणाऱ्या बस सतत सुटतात. लंडनच्या स्टॅनस्टेडला थेट रेल्वे आहे. बोव्हे आणि हान इथे मात्र बसशिवाय सोयीचा पर्याय नाही, आणि बस चुकली तर टॅक्सीचं भाडं विमानाच्या तिकिटाच्या कितीतरी पट होतं.

म्हणून तिकीट काढण्याआधी विमानतळाचं तीन अक्षरी सांकेतिक नाव बघा. पॅरिससाठी सीडीजी किंवा ओआरवाय म्हणजे जवळचे, बीव्हीए म्हणजे बोव्हे. मिलानसाठी एलआयएन म्हणजे अगदी शहरातला लिनाते, एमएक्सपी म्हणजे मालपेन्सा आणि बीजीवाय म्हणजे बेर्गामो. नकाशावर त्या विमानतळापासून तुमच्या मुक्कामापर्यंतचा रस्ता काढा, आणि तोही विमान उतरण्याच्या वेळी. स्वस्त तिकिटं बहुधा सकाळी सहाची नाहीतर रात्री अकराची असतात. सकाळी सहाच्या विमानासाठी चारला पोहोचायचं, तेव्हा मेट्रो सुरू झालेली नसते. विमानतळावर रात्र काढू म्हणाल, तर बोव्हेसारखे विमानतळ रात्री बंद होतात आणि लोकांना बाहेर काढलं जातं. तिथे एक रात्र हॉटेल घ्यावं लागलं, तर स्वस्त तिकिटाचा सगळा फायदा तिथेच संपतो.

दारापासून दारापर्यंतची बेरीज

मिलान ते पॅरिस दोघांनी जायचं आहे असं धरू, दोघांत मिळून एक मोठी बॅग. दर रोज बदलतात, पण प्रमाण साधारण असं पडतं:

तिकीट, दोघांचं: ४० युरो
२० किलोची एक बॅग: ३५ युरो
शेजारशेजारच्या दोन सीट: १६ युरो
मिलान ते बेर्गामो बस, दोघांची: २० युरो
बोव्हे ते पॅरिस बस, दोघांची: ३४ युरो

एकूण १४५ युरो, म्हणजे माणशी साडेबहात्तर. पडद्यावर माणशी वीस दिसले होते. यात तिकीट सर्वांत मोठं कलम नाहीच. दोन्ही टोकांच्या बसला ५४ युरो जातात.

आता वेळ मोजा. बेर्गामोची बस एक तास, विमानतळावर दोन तास आधी, उड्डाण दीड तासाच्या थोडं वर, उतरून बॅग घेऊन बाहेर पडायला पाऊण तास, बोव्हेहून सव्वा तास. साडेसहा तास झाले. मिलानहून पॅरिसला थेट वेगवान रेल्वे सात तासांच्या आसपास पोहोचवते. फ्रान्समधल्या मोरिएन खोऱ्यात ऑगस्ट २०२३ मध्ये दरड कोसळून तो मार्ग बंद पडला होता, २०२५ च्या वसंतात पुन्हा सुरू झाला. रेल्वेत बॅगेचं वजन कोणी करत नाही आणि गाडी शहराच्या मधोमध सोडते. महिनाभर आधी काढलं तर रेल्वेचं तिकीट वरच्या बेरजेपेक्षा कमीतही मिळू शकतं.

विमान नकोच असं यावरून म्हणायचं नाही. दोघांनी एकेक छोटी सॅक घेतली आणि सीट निवडली नाही, तर तोच प्रवास ९४ युरोत होतो. आणि बार्सिलोना ते बुडापेस्ट, लिस्बन ते क्राको अशा लांब पल्ल्यांना रेल्वे दीड-दोन दिवस घेते, तिथे स्वस्त विमानाला तोड नाही. पण ही बेरीज कागदावर मांडल्याशिवाय 'स्वस्त' हा शब्द वापरू नये.

बॅग: सगळ्यात जास्त पैसे इथे जातात

रायनएअर, विझ एअर आणि वुएलिंग यांच्या फुकट पिशवीचं माप सध्या ४० × ३० × २० सेंटिमीटर आहे. रायनएअरचं २०२५ पर्यंत याहून लहान होतं, त्या वर्षी त्यांनी ते वाढवलं. ईझीजेटचं ४५ × ३६ × २०, त्यात १५ किलोपर्यंत भरता येतं आणि पिशवी स्वतःला उचलता यायला हवी. विझ एअरला १० किलोची मर्यादा आहे. युरोविंग्जचं माप ४० × ३० × २५.

४० × ३० × २० म्हणजे २४ लिटर. आपल्याकडची कॉलेजची किंवा लॅपटॉपची सॅक बहुधा ३० ते ३५ लिटरची आणि ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच असते. ती यात बसत नाही. रिकामी असताना दाबून बसेल, पण भरल्यावर वरचा भाग बाहेर राहतो. २० ते २४ लिटरची, मऊ, चाकं नसलेली, आत कडक पाठ नसलेली सॅक घ्या.

दुसरा घोळ ट्रॉलीचा. भारतातल्या उड्डाणांना हातातल्या बॅगेच्या लांबी, रुंदी आणि खोलीची बेरीज ११५ सेंटिमीटर धरतात. ५५ × ३५ × २५ ची ट्रॉली तिथे चालते, कारण बेरीज ११५ भरते. युरोपात प्रत्येक बाजू वेगळी मोजतात. रायनएअरची पैसे भरून न्यायची १० किलोची बॅग ५५ × ४० × २० आहे, म्हणजे तीच ट्रॉली खोलीत ५ सेंटिमीटर जास्त भरते. विझ एअर २३ पर्यंत चालवतं, ईझीजेट ५६ × ४५ × २५ पर्यंत. एकाच सहलीत तीन कंपन्यांची विमानं असतील, तर सर्वांत लहान मापाचीच बॅग घ्यावी लागते.

बॅग मोजायची ती भरून. दुकानाच्या लेबलवरच्या मापात बहुधा चाकं धरलेली नसतात, आणि चाकांनीच तीन ते पाच सेंटिमीटर वाढतात. पूर्ण भरलेली बॅग भिंतीला लावून जमिनीवर उभी करा, वर एक पुस्तक आडवं ठेवून भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. पुढच्या कप्प्यात चार्जर कोंबला की खोली २० ची २३ होते, हे तेव्हाच कळतं. वजनासाठी हुकाचा डिजिटल काटा जवळ ठेवा. परतीच्या प्रवासात तो जास्त उपयोगी पडतो, कारण जाताना मोजलेली बॅग येताना चॉकलेटं आणि बुटांनी भरलेली असते.

गेटवर काय होतं ते डोळ्यांपुढे असू द्या. रांगेच्या कडेला धातूची किंवा प्लास्टिकची एक चौकट उभी असते, वर उघडी. शंका आली की कर्मचारी तुमची बॅग त्यात टाकायला सांगतात. बॅग आपल्या वजनाने आत गेली पाहिजे आणि सहज बाहेर आली पाहिजे. एक चाक वर अडकलं तरी बॅग मोठी ठरते. मग कार्ड पुढे करावं लागतं: रायनएअरकडे ही रक्कम ७५ युरोपर्यंत जाते, ईझीजेटकडे ४८ पौंडांच्या आसपास. अशी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला रायनएअर बोनस देते, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बॅगेमागे अडीच युरो केला आहे. त्यामुळे 'एवढं कोण बघतं' या भरवशावर जाऊ नका. आणि त्या जागी वाद घालण्यात अर्थ नाही, गेट बंद व्हायला काही मिनिटंच उरलेली असतात.

ही वसुली कायद्यात बसते का, हा वाद अजून मिटलेला नाही. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं की हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, आणि ते वजन-मापाच्या वाजवी मर्यादेत असेल तर त्याला वेगळा आकार लावू नये. त्या आधारावर स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रायनएअर, वुएलिंग, ईझीजेट, नॉर्वेजियन आणि वोलोतेआ या पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड केला. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. 'वाजवी' म्हणजे किती सेंटिमीटर, हे ठरलेलं नाही आणि खरी गोम तिथेच आहे. आमच्या मते प्रवाशांची बाजू बरोबर आहे. पण गेटवर उभं असताना तिचा उपयोग होत नाही, तेव्हा आज लागू असलेल्या मापानेच बॅग भरा. भरलेल्या पैशांची पावती ठेवा.

मोठी बॅग लागणारच असेल, तर दोन ते चार माणसांत २० किलोची एक चेक-इन बॅग तिकिटाबरोबरच घ्यावी. प्रत्येकी १० किलोची केबिन बॅग घेण्यापेक्षा ती बहुतेक वेळा स्वस्त पडते. वजन वाढलं तर किलोमागे १३ युरोच्या आसपास भरावे लागतात, म्हणजे तीन किलो जास्त झाले की जवळजवळ दुसऱ्या बॅगेची किंमत. जड जॅकेट अंगावर घाला, बूट जड असतील तेच पायात ठेवा. पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत कधीच घालायची नाही.

खाण्याच्या वस्तूंबद्दल एवढंच: लोणचं, तूप, चटणी, मेतकुटाचं कालवण हे सुरक्षा तपासणीत द्रवात मोजलं जातं, बऱ्याच विमानतळांवर ते १०० मिलीलिटरच्या वर हातातल्या बॅगेतून नेऊ देत नाहीत. चिवडा, लाडू, खाकरा जातो. लंडनहून युरोपीय संघात जाताना दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. पेढे त्यात येतात.

तिकीट काढताना पडद्यावर

शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा ॲपवरून काढा. मधल्या एजंटाच्या साइटवरून काढलं, तर वेळ बदलल्याचा ईमेल एजंटाकडे जातो आणि परतावाही त्याच्यामार्फत फिरून येतो. रायनएअरला मान्य नसलेल्या एजंटाकडून तिकीट असेल, तर चेक-इनच्या आधी ओळख पटवण्याची वेगळी प्रक्रिया करावी लागते.

पहिला पडदा तिकिटाच्या प्रकारांचा. साध्या तिकिटाशेजारी महागडे संच दाखवतात: सीट, केबिन बॅग, कधी चेक-इन बॅग सगळं एकत्र. संच घेण्याआधी साधं तिकीट निवडून पुढे जा, सुट्या वस्तूंची बेरीज करा, मग मागे येऊन तुलना करा. संचातली एखादी वस्तू तुम्हाला नको असेल, तर सुटं घेणंच बहुधा फायद्याचं.

मग नावं. इथे आपल्या लोकांचे पैसे बरेच जातात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये अनेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. पासपोर्ट समोर उघडून त्याच रकान्यातलं तसंच लिहा. घरचं नाव, लग्नाआधीचं आडनाव किंवा आधारवरचं स्पेलिंग नको. आडनावाचा रकाना पासपोर्टवर कोरा असेल, तर पैसे भरण्याआधीच कंपनीच्या चॅटवर विचारा की त्यांच्या यंत्रणेत काय लिहायचं, आणि त्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. एक-दोन अक्षरांची चूक बहुतेक ठिकाणी फुकट किंवा थोडक्यात दुरुस्त होते. अख्खं नाव बदलायला रायनएअर ऑनलाइन ११५ युरोच्या आसपास घेते, आणि विमानतळावर त्याहून जास्त. तिकीट काढल्यावर लगेच ईमेल उघडून नाव, तारीख, विमानतळ तपासा, कारण चूक लवकर सांगितली तर सुटका स्वस्तात होते.

सीटच्या पडद्यावर असं वाटतं की सीट निवडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. जाता येतं. 'यादृच्छिक सीट' किंवा 'नको' हा पर्याय बारीक अक्षरात खाली असतो. दोघं मोठी माणसं दोन तास वेगळी बसू शकत असतील, तर हे पैसे खुशाल वाचवा. लहान मुलं असतील तर वाचवू नका: रायनएअर १२ वर्षांखालच्या मुलाबरोबरच्या एका मोठ्या माणसाला सीट विकत घ्यायला लावते आणि मुलांना शेजारची सीट फुकट देते. मांडीवरच्या बाळालाही भाडं आहे, दर फेरीला साधारण २५ युरो. वीस युरोच्या तिकिटावर बाळाचं भाडं मोठ्या माणसापेक्षा जास्त होतं, हे अनेकांना शेवटच्या पडद्यावर कळतं.

विमा, गाडी, रांग टाळण्याची सोय, एसएमएस यांचे पडदे सरळ ओलांडा. भारतातून निघताना शेंगेन व्हिसासाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट म्हणजे शेंगेन) घेतलेला विमा तुमच्याकडे असतोच. तो विलंब आणि सामान यांना लागू आहे का, ते त्याच्या कागदात बघा.

शेवटी पैसे भरणं, आणि इथे एक बारीक सापळा आहे. भारतीय कार्डाचा नंबर टाकला की रक्कम आपोआप रुपयांत दिसू लागते, 'हमी दर' अशा शब्दांत. तो दर कंपनीचा असतो आणि बँकेच्या दरापेक्षा बहुधा महाग. बाजूच्या 'अधिक माहिती'सारख्या छोट्या दुव्यावर टिचकी मारून मूळ चलन, म्हणजे युरो, निवडा. तुमची बँक परकीय चलनावर साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लावेल. रुपयांत भरलं तरी अनेक बँका वेगळं शुल्क लावतात, मग दोन्हीकडून कापलं जातं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते आधी बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नवं कार्ड ते बंद ठेवूनच येतं. ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, म्हणून युरोपात असताना तिकीट काढायचं तर त्या सिमचं रोमिंग चालू असलं पाहिजे, किंवा बँकेच्या ॲपमधून मंजुरी देता आली पाहिजे.

चेक-इन: घड्याळ लावून करायचं काम

ऑनलाइन चेक-इन फुकट असतं. रायनएअरकडे ते राहिलं आणि विमानतळावर करायला गेलात, तर माणशी ५५ युरो. विझ एअरही माणशी जबर आकार घेतं. रायनएअरच्या दराने चौघांच्या कुटुंबाला २२० युरो.

लोक विसरतात ते परतीचं. सीट विकत घेतली असेल तर चेक-इन बरेच दिवस आधी उघडतं, आणि जातानाचं-येतानाचं दोन्ही घरूनच उरकता येतं. सीट घेतली नसेल तर रायनएअर आणि विझ एअरकडे ते उड्डाणाच्या २४ तास आधी उघडतं. रायनएअरचं दोन तास आधी बंद होतं, विझ एअरचं तीन तास आधी. म्हणजे परतीचं चेक-इन तुम्हाला भटकंतीच्या मधल्याच दिवशी करायचं असतं. तिकीट काढलं त्याच दिवशी फोनमध्ये गजर लावा: परतीच्या उड्डाणाच्या २३ तास आधीचा, तिथल्या स्थानिक वेळेनुसार. ईझीजेटचं ३० दिवस आधी उघडतं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

रायनएअरने १२ नोव्हेंबर २०२५ पासून कागदी बोर्डिंग पास बंद केला, पास ॲपमध्येच दाखवावा लागतो. ऑनलाइन चेक-इन झालेलं असेल आणि फोन बंद पडला, तर काउंटरवर फुकट मदत मिळते. घरातल्या ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नसेल, तर सगळ्यांचे पास एकाच फोनमध्ये ठेवता येतात.

भारतीय पासपोर्ट असेल तर आणखी एक पायरी

युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टला ऑनलाइन चेक-इन होऊनही कागद दाखवावे लागू शकतात. पासवर व्हिसा किंवा कागदपत्रं तपासून घेण्याची सूचना असेल, तर बॅग द्यायची नसली तरी आधी कंपनीच्या काउंटरवर जा आणि तपासणी करून मगच सुरक्षेकडे वळा. थेट गेटवर गेलात, तर तिथून परत पाठवतात आणि विमान निघून जातं. म्हणून हातात फक्त सॅक असली तरी बॅगवाल्यांइतकंच लवकर पोहोचा. काउंटर उड्डाणाच्या ४० ते ६० मिनिटं आधी बंद होतात.

शेंगेनच्या आत सीमेवर तपासणी नसली, तरी मूळ पासपोर्ट लागतोच. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. जर्मनीत शिकणाऱ्यांनी राहण्याच्या परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर ठेवावेत.

व्हिसाचा सर्वांत महाग फटका असा बसतो. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे, आणि पॅरिसहून डब्लिनला स्वस्त तिकीट मिळालं म्हणून ते काढलं. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, तिथला व्हिसा वेगळा, आणि तिथे गेलात की शेंगेनमधला तुमचा एकमेव प्रवेश वापरून झाला. ब्रिटन, सायप्रस, सर्बिया आणि अल्बानियाही शेंगेनबाहेर आहेत. क्रोएशिया २०२३ पासून आत आहे. बल्गेरिया आणि रोमेनिया मार्च २०२४ पासून विमानमार्गाने, जानेवारी २०२५ पासून जमिनीनेही. व्हिसा नाही म्हणून चढू दिलं नाही, तर तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत आणि भरपाईही नाही.

पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात राहणाऱ्या गोंयकारांना ही काउंटरची पायरी लागत नाही, पण बरोबरच्या भारतीय पासपोर्टच्या नवऱ्याला किंवा बायकोला लागते. ब्रिटनला परतताना निवासाचा हक्क आता ई-व्हिसावर तपासला जातो. पासपोर्ट नवा केला असेल, तर यूकेव्हीआय, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या, खात्यात नवा क्रमांक निघण्याआधी घाला.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. लंडनहून येणाऱ्या विमानांच्या रांगा त्यामुळे लांबतात, पुढची बस धरताना हे लक्षात घ्या.

विमानात

पाणी विकत, चहा विकत. सुरक्षेपलीकडे भरायला रिकामी बाटली न्या. रायनएअरच्या सीट मागे झुकत नाहीत, समोर कप्पा नसतो. दोन तासांना चालतं. चार तासांच्या कॅनरी बेटांच्या उड्डाणाला उंच माणसाने पाय पसरायला जागा असलेली सीट घ्यावी, ते पैसे वाया जात नाहीत.

दोन तिकिटं जोडून प्रवास करताना

इथे काही पैसे वाचवण्यापेक्षा धोका ओळखणं महत्त्वाचं. या कंपन्या बहुधा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणाचं सुटं तिकीट विकतात. तुम्ही मुंबईहून फ्रँकफर्टला एका कंपनीने आलात आणि पुढे स्वस्त विमान धरलंत, तर कायद्याने ते दोन वेगळे करार आहेत. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसरी कंपनी काही देणं लागत नाही. बॅगही पुढे जात नाही. ती घ्यायची, सीमेवरून बाहेर यायचं, पुन्हा द्यायची. त्यासाठी त्या देशात प्रवेशाचा व्हिसा लागतो, विमानतळावरून बदलणाऱ्या प्रवाशाची सवलत लागू होत नाही. शिवाय मुंबईहून आणलेल्या २३ किलोच्या बॅगेला पुढे २० किलोच मान्य असू शकतात.

मुंबई-पुण्याहून येऊन त्याच दिवशी पुढे जायचंच असेल, तर मध्ये निदान पाच ते सहा तास ठेवा. दुसरं विमान दिवसातलं शेवटचं असेल, तर तो बेत टाळा. परतीला तर मुंबईच्या विमानाच्या शहरात आदल्या रात्रीच पोहोचा: वीस युरोचं विमान चुकलं तर वीस युरो जातात, मुंबईचं चुकलं तर पन्नास-साठ हजार रुपये.

विमान रद्द झालं किंवा रखडलं तर

तिकीट वीस युरोचं असलं तरी हक्क पूर्ण असतात, आणि पासपोर्ट कुठला याने फरक पडत नाही. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम संघातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे. १४ दिवसांपेक्षा कमी आधी कळवून विमान रद्द केलं, किंवा मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो आणि त्याहून लांबच्या संघांतर्गत प्रवासाला ४०० युरो भरपाई मिळते. हवामान किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर ही भरपाई नाही. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप किंवा नेहमीचा तांत्रिक बिघाड असेल तर आहे. जेवण, पाणी आणि रात्र पडली तर हॉटेल हे मात्र हवामान खराब असलं तरी द्यावंच लागतं. ब्रिटनमध्ये हाच नियम पौंडांत आहे, २२० पौंडांपासून.

रद्द झाल्यावर कंपनी आधी तिच्या खात्यातले क्रेडिट पुढे करते. विझ एअर तिकिटाच्या १२० टक्के क्रेडिट देते, ऐकायला छान वाटतं, पण ते त्याच कंपनीकडे आणि मुदतीतच वापरता येतं. भारतात राहणाऱ्याने रोख परतावाच मागावा, तो सात दिवसांत द्यायचा असतो. किंवा दुसऱ्या विमानाने पोहोचवण्याचा पर्याय निवडा. घाईत परतावा स्वीकारलात तर पोहोचवण्याची जबाबदारी संपते, आणि त्या दिवशीचं दुसरं तिकीट तुम्हाला दोनशे युरोला पडू शकतं.

त्या दिवशी करायचं ते असं. उशीर दाखवणाऱ्या फलकाचा वेळेसकट फोटो. कर्मचारी सांगतील ते कारण लिहून घ्या, जमलं तर लेखी मागा. कोणी जेवण देत नसेल, तर स्वतः साधं जेवण आणि साधं हॉटेल घेऊन प्रत्येक पावती ठेवा. मुक्कामी विमानाचं दार उघडलं ती वेळ टिपून ठेवा, उशीर तिथपर्यंत मोजतात, चाकं टेकली तिथपर्यंत नाही. बॅग हरवली किंवा मोडली, तर विमानतळातून बाहेर पडण्याआधी तिथल्या सामान काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. मोडलेल्या बॅगेसाठी लेखी दावा सात दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी ती मिळाल्यापासून २१ दिवसांत.

मग कंपनीच्या साइटवरचा अर्ज स्वतः भरा. भरपाई मिळवून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या रकमेतला मोठा वाटा ठेवून घेतात, आणि पहिला अर्ज भरायला त्यांची गरज नसते. अर्जात बँकेचा तपशील विचारतात. भारतीय खात्याला आयबान, म्हणजे युरोपात चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नसतो, म्हणून स्विफ्ट कोड आणि खाते क्रमांक चालतो का ते तिथेच लेखी विचारा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर विमान जिथून निघालं त्या देशाच्या विमान प्रवासी हक्क यंत्रणेकडे तक्रार करता येते. स्पेनमध्ये हे काम एइएसए करते, जर्मनीत एलबीए, इटलीत एनाक. अर्ज इंग्रजीतून स्वीकारले जातात. सोबत जोडायचं ते आधीच गोळा केलेलं: तिकिटाचा ईमेल, बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट, फलकाचा फोटो, पावत्या. बोर्डिंग पास उड्डाणानंतर ॲपमधून नाहीसा होऊ शकतो, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट विमानात बसण्याआधीच काढून ठेवा.